सातव्या माळेचं मीठ

फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात बाहेर खायला जायचं म्हणजे कुठे जायचं, असा प्रश्न कुणाला पडत नसे. मार्केट एकच होतं. मधोमध गाड्या लावायची मोकळी जागा, तिच्या तिन्ही बाजूंनी एकमजली गाळे, ज्यांना तिकडे बूथ म्हणतात, आणि चौथ्या बाजूला अजून प्लॉट न पडलेलं रान, जिथून सगळी धूळ आत येई. दुपारभर ते मार्केट पेंगत असे. ऊन उतरलं की आधी टिक्कीवाल्याच्या तव्यावर उलथन्याची खटखट सुरू व्हायची, मग छोले-भटूऱ्यांची कढई तापायची, मग चाउमीनची पिवळी व्हॅन मागे मागे घेत आपल्या जागेवर येऊन लागायची. वीज गेली की, आणि ती जायचीच, गाळ्यांपुढचे जनरेटर एकेक करून धडधडू लागायचे. ज्यांच्याकडे नुकतेच पैसे आले होते अशी माणसं नव्याकोऱ्या लहान गाड्यांतून शेजारच्या गल्लीतूनसुद्धा गाडी काढून यायची, गाडीतच बसायची आणि प्लेटी बॉनेटवर मांडून खायची. रॉकेलचा धूर, तळण आणि चाउमीनवरचं व्हिनेगर यांचा मिळून एक वास होता. आता मी दिल्लीत द्वारकाला राहतो. मुलीबरोबर मॉलमध्ये वरच्या मजल्यावर जेवायला जातो तेव्हा जाणवतं, तिथे एवढे पदार्थ असतात आणि वास कशाचाच येत नाही.

या मार्केटमध्ये कोपऱ्यातला बूथ आमचा होता. बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला तशी कंपनीने माणसं कमी करायला काढली, आणि बाबांनी 'आपणहून' जाण्याच्या कागदावर सही केली. मग कितीतरी दिवस ते रोज सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला दाढी करून तयार व्हायचे आणि गच्चीत पेपर घेऊन बसायचे. शेवटी आई म्हणाली, "अहो, मला रांधता येतं, तुम्हाला यंत्रं दुरुस्त करता येतात. एक गाळा घेऊ. मी तळते, तुम्ही जनरेटर सांभाळा." पाटीवर 'पूना स्नॅक्स' लिहिलं. आम्ही मूळचे तासगावकडचे, पुण्यात कधी राहिलो नव्हतो. पण बाबा म्हणाले, इथे तासगाव कुणाला कळणार.

पूनाही फारसं कुणाला कळलं नाही. पाव मिळत नसे, बेकरीवाला गोडसर बर्गरचे बन द्यायचा. आई त्यातच वडा दाबायची, आणि गिऱ्हाईक तो उघडून बघून विचारायचं, "भाभीजी, इसमें टिक्की नहीं डाली?" पोह्यांवर लोक सॉस मागायचे. थालीपिठाला 'वो मोटा वाला चीला', म्हणजे जाड धिरडं, म्हणायचे. आई कुणावर चिडत नसे. तिचं हिंदी तिच्या स्वयंपाकासारखं होतं, बिनधास्त आणि सगळं तिच्या पद्धतीचं. "जरा रुको जी, तेल तापने दो, कच्चा खाके पोट दुखेगा," असं ती मोठ्याने सांगायची आणि बॉनेटपाशी उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघून हसायची. ती वाईट हसत नव्हती. आज मला तसंच वाटतं. तेव्हा प्रत्येक हसू माझ्या मानेवर येऊन बसायचं.

मी बारावीत होतो. शाळेतून आल्यावर संध्याकाळी मला दुकानात थांबावं लागे. मी काउंटरच्या आत उभा राहत नसे. बाहेरच्या खांबाला टेकून, एक पाय दुमडून, आपलं पार्सल व्हायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा उभा राहायचो. आईने हाक मारली की "हां, एक मिनट" असं हिंदीत म्हणायचो. मराठी माझी तशीही पातळ होत चालली होती. मीठ म्हणायच्या जागी नमक यायचं, उलथनं म्हणायला गेलो की पलटा यायचं. शाळेत मला काही पोरं 'मद्रासी' म्हणायची. विंध्याच्या खालचे सगळे त्यांच्या लेखी मद्रासी. एकटा विक्की भाटिया तसं म्हणत नसे. तो आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचा. त्याच्या घरी मी मिलिंदचा 'मिलन' झालो होतो. तिथे नवा रंगीत टीव्ही होता, केबल होतं, आणि भाटिया आंटी होत्या. त्या मला ताटात दुसरा पराठा न विचारता वाढायच्या आणि विक्कीला म्हणायच्या, "देख, कितना शरीफ़ बच्चा है, कुछ सीख इससे." त्या घरात मी शरीफ होतो. मला दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी नवरात्र जवळ आलं तसं मार्केट शांत होऊ लागलं. तिकडे नवरात्रात कांदा-लसूण बंद होतो, अर्धा सेक्टर उपवासाला बसतो. चाउमीनवाला व्हॅनवर ताडपत्री टाकून गावी निघून गेला, भटूरेवाल्याने कढई उतरवली. आईने मात्र घरी घट बसवला, मातीत धान्य पेरलं, पहिली माळ बांधली आणि दुकानात एका पुठ्ठ्यावर माझ्याकडून हिंदीत लिहून घेतलं: व्रत का खाना. साबुदाण्याचे वडे, खिचडी, दाण्याची आमटी आणि भगर, रताळ्याचे काप, उपवासाचं थालीपीठ. आमच्याकडे उपवासाला जे जे चालतं ते सगळं. ती स्वतः नऊही दिवस धरायची. नैवेद्याआधी काही तोंडात घालायचं नाही म्हणून सगळी चव हाताच्या अंदाजावर. चिनीमातीच्या बरणीत तीन बोटं बुडवायची, चिमूट उचलायची, कढईवर झटकायची, पुन्हा बघायचंही नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी विक्कीकडे होतो. आंटी सामकचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिकडचा सामक म्हणजेच आपली भगर, हे मला आईमुळे माहीत होतं आणि मी ते सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "अच्छा? तो तुम्हारी मम्मी व्रत का बना रही हैं? मैं तो कीर्तन वाली सारी औरतों को बोल दूँगी. इस बार मुझसे रसोई होगी नहीं." अंकलच्या, म्हणजे विक्कीच्या वडिलांच्या, हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, दसऱ्यानंतर. आंटी दिवसभर हॉस्पिटल आणि घर करायच्या, आणि त्यांनी ही नवरात्रं अंकलसाठी बोलली होती, नऊही दिवस, एकही चूक न करता. मग तांदळातला खडा बाजूला काढत त्यांनी सहज विचारलं, "नमक तो सेंधा ही डालती हैं न?"

मला सेंधा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पण प्रश्नाचा सूरच असा होता की त्याला एकच उत्तर असावं.

"हां जी आंटी, बिल्कुल."

बाहेर आल्यावर मी विक्कीला विचारलं, "ये सेंधा क्या होता है, यार?"

"अबे, व्रत वाला नमक. पहाड़ वाला. दूसरा खा लिया तो व्रत गया," विक्की म्हणाला. "तेरे यहाँ दूसरा बोलते होंगे कुछ."

"हां, दूसरा बोलते हैं," मी म्हणालो.

घरी येताना मला कळून चुकलं होतं. आमच्याकडे उपवासाला रोजचंच मीठ वापरतात. आईच्या माहेरी, बाबांच्या घरी, सगळीकडे. सेंधा म्हणजे शेंदेलोण, आणि शेंदेलोण आई फक्त पोट दुखलं की ताकात घालून द्यायची. आईला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिने लगेच मीठ बदललं असतं, तिला त्यात काही वाटलं नसतं. पण मी तिला ओळखून होतो. मीठ बदलून ती थांबली नसती. चपला घालून भाटियांच्या दारात गेली असती आणि मोठ्याने म्हणाली असती, "हमारे में ऐसा नहीं होता जी, मेरे को अभी लड़के ने बताया." आणि आंटींच्या नजरेत माझं 'बिल्कुल' खोटं ठरलं असतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. ते इतकं क्षुल्लक कारण होतं की आज लिहिताना मला वाटतं, दुसरं काहीतरी मोठं कारण असायला हवं होतं. नव्हतं.

पहिल्या माळेपासून दुकानापुढे जी गर्दी झाली ती आम्ही कधी पाहिली नव्हती. आंटींनी खरोखरच सगळ्यांना सांगितलं होतं. कीर्तनाच्या बायका डबे घेऊन यायच्या, त्यांचे नवरे ऑफिसमधून येता येता गाडी थांबवायचे. साबुदाण्याचा वडा हातात घेऊन लोक "वाह भाभीजी" म्हणायचे. बाबा जनरेटरशेजारी स्टुलावर बसून दाणे भाजायचे आणि पूर्वी टूलरूममधून आल्यावर गुणगुणायचे तसं काहीतरी गुणगुणायचे. घरी आई दिवसातून एकदाच, रात्रीचं खायची, आणि खाता खाता दुसऱ्या दिवशीचा साबुदाणा किती भिजवायचा ते ठरवायची. "मिलिंदा, तुझ्या त्या भाटियाबाईंनी मला उभं केलं बघ," ती म्हणायची. "त्यांच्या मालकांसाठी मी पण देवीला सांगितलंय."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली. कुणालाच काही न सांगता सगळं सरळ करायचं. मी पंसाऱ्याच्या, म्हणजे मसालेवाल्याच्या दुकानातून सेंधा मिठाची पुडी आणली आणि दुपारी दुकान बंद असताना बरणीतलं मीठ काढून त्यात ते भरलं. रंग जरा गुलाबीसर होता, पण दुकानात उजेड कमीच असायचा. त्या संध्याकाळी मी खांबाला टेकलो नाही. काउंटरच्या आत उभा राहिलो आणि प्लेटी द्यायला लागलो, अगदी मनापासून.

शेंदेलोण रोजच्या मिठापेक्षा कमी खारट असतं. आईची चिमूट तीच राहिली. त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही, पण दुकानातून आणलेल्या खिचडीचा घरी नैवेद्य दाखवून तिने पहिला घास घेतला आणि थांबली. "अहो, हे अळणी लागतंय का?" बाबा म्हणाले, जरासं. "कमाल आहे. लोकांना संध्याकाळभर हेच घातलं मी. मीठ सादळलंय वाटतं, चवच गेलीय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या डोळ्यांदेखत दुकानातून आणलेली बरणी मोरीत पालथी केली, घासली, उन्हात ठेवली आणि नवीन पुडी फोडून भरली. "लोक आपल्या भरवशावर खातात," ती मला म्हणाली, "चव बिघडून चालायचं नाही." मी शाळेचं दप्तर खांद्यावर अडकवून तिथेच उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आई, उशीर होतोय," आणि गेलो.

त्यानंतर मी ते मनातून काढूनच टाकलं. माणूस असं करू शकतो, निदान मी करू शकलो. मला वाटू लागलं की खाल्लेलं मीठ कुणाला कसं कळणार आहे.

सातव्या माळेला संध्याकाळी गर्दी ओसंडत होती. आंटी हॉस्पिटलमधून थेट आल्या होत्या. त्यांच्याबरोबर कीर्तनाच्या दोन-तीन बायका होत्या. एका गाडीच्या बॉनेटवर प्लेटी ठेवून त्या भगर-आमटी खात होत्या. मी आणि विक्की शेजारी उभे. आत आई रताळ्याचे काप परतत होती. तिने बरणीत हात घातला, बरणी रिकामी होती. समोरच्या बूथमध्ये किराणावाला होता, तिने काउंटरमागूनच हाक दिली, "भैया, एक नमक की थैली देना." तो वजन करता करता उठला, दुकानाच्या दारात आला आणि नवरात्राच्या दिवसांत कुठलाही दुकानदार विचारेल तसं त्याने ओरडून विचारलं, "भाभीजी, सेंधा दूँ कि सादा?"

"सादा ही दो," आई म्हणाली. "रोज का."

आंटींचा चमचा तोंडापर्यंत गेला होता. तो त्यांनी खाली आणला. आधी त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्या काउंटरपाशी गेल्या. "बहनजी, सादा नमक? व्रत के खाने में?"

"हां जी," आई कढईवरून मान वर करून हसत म्हणाली. "हमारे में उपास को यही चलता है. नमक तो नमक है ना."

"सात दिन से यही डाल रही हैं?"

"और क्या."

दुसऱ्या एका बाईंनी हातातली प्लेट बॉनेटवर ठेवली आणि पदराने ओठ पुसले. कुणीतरी "हे माता रानी" म्हणालं. आईच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, तिला काय झालं ते कळलंच नव्हतं. आंटी ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या माझ्याकडे वळल्या. "मिलन, मैंने तुझसे पूछा था न बेटा? तूने तो कहा था सेंधा है."

सगळे माझ्याकडे बघत होते. विक्कीही. मला आठवतं, मी आईकडे बघितलं नाही. मी आंटींच्या हातातल्या चमच्याकडे बघत म्हणालो, "मैंने तो मम्मी को बता दिया था, आंटी जी. मम्मी भूल गई होंगी."

मम्मी. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा मम्मी म्हटलं.

आईने गॅस बंद केला. त्या क्षणी तिला तेवढंच सुचलं असावं. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्या बायकांपुढे हात जोडून उभी राहिली. काय बोलावं ते तिला हिंदीत सापडत नव्हतं. बायका एकेक करून गेल्या. कुणी भांडलं नाही. प्लेटी तशाच गाडीवर राहिल्या, आणि गाडीच्या मालकाला निघायचं होतं म्हणून त्या मी उचलल्या.

दुकान बंद करून आम्ही घरी आलो. आईने हातपाय धुतले, घटापुढे दिवा सारखा केला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. मला वाटलं आता ती मला झापणार. मी त्याची वाट बघत होतो. ती म्हणाली, "तू मला कधी सांगितलंस रे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच आठवत होती.

आणि मी म्हणालो, "पहिल्या माळेच्या आदल्या दिवशी. तू दाणे कुटत होतीस."

"असेल," ती म्हणाली. "खलबत्त्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल मला. किंवा ऐकलं असेल आणि डोक्यातून गेलं असेल." मग बाबांना म्हणाली, "अहो, त्या बाईच्या नवऱ्याचं काळीज उघडायचंय. आणि मी तिला सात दिवस मोडलेला उपास खाऊ घातला."

बाबा म्हणाले, "अगं, आपल्याकडे चालतं तेच तू केलंस."

"पण पोराने सांगितलं होतं ना मला."

उरलेल्या माळा तिने अळणी केल्या. आमच्या जेवणात मीठ घालायची, स्वतःचं तेवढं बाजूला काढून ठेवायची. दुकान तिने नवरात्र संपेपर्यंत उघडलंच नाही. बाबांनी मला त्याच आठवड्यात कधीतरी गच्चीत गाठलं आणि कपडे वाळत घालता घालता विचारलं, "मिलिंद, तू तिला खरंच सांगितलं होतंस?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिमटा लावला आणि खाली गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. पण मला काय वाटतं याला आता काही किंमत नाही.

दुकानाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. थंडीत थोडं चाललं. वडा-बन खायला कॉलेजची पोरं यायची, पण आमच्या ब्लॉकमधलं कुणी येत नसे. पुढच्या उन्हाळ्याआधी तो बूथ चाउमीनवाल्याने घेतला आणि बाबा मानेसरकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका नव्या कारखान्यात लागले, पूर्वीपेक्षा खालच्या हुद्द्यावर. रोज शेअर ऑटो, बस, पुन्हा ऑटो. अंकलचं ऑपरेशन नीट झालं, पुढे ते बरीच वर्षं सकाळी पार्कात फिरताना दिसायचे. ती बातमी कळली त्या दिवशी आईने देवीला साडी नेसवली. नंतर नंतर ती हा किस्सा स्वतःवरच सांगू लागली. लग्नाकार्यांत, तासगावला गेलो की बायकांच्या घोळक्यात, हसत हसत: "मी एका सेक्टरातल्या सगळ्या पंजाबी बायकांचे उपास मोडले गं. हा बिचारा जीव तोडून सांगत होता, माझं लक्ष कुठे." सगळ्या हसायच्या, माझ्या पाठीवर कुणीतरी थाप मारायचं. मी पण हसायचो. आई गेली तोवर ती गोष्ट इतकी घासून गुळगुळीत झाली होती की तिच्यात हात घालायला कुठे जागाच उरली नव्हती. हेही मी माझ्या सोयीचंच लिहितो आहे. जागा रोज होती. मी तिला कधी सांगितलं नाही.

पण मला शरम वाटते ती दुकानासमोर बोललेल्या त्या एका वाक्याची नाही. ते तोंडातून निघून गेलं. मला शरम वाटते ती अष्टमीच्या सकाळची.

अष्टमीला तिकडे कंजक करतात. घरोघर लहान मुलींना बोलावून त्यांचे पाय धुतात, पुरी, काळे चणे आणि शिरा वाढतात. आई सकाळी न्हाऊन, ठेवणीतली नऊवारी नाही पण चांगली साडी नेसून तयार झाली आणि मला म्हणाली, "चल. मला त्यांच्यातलं नीट बोलता येत नाही. अडलं तर तू सांग." ती ज्या ज्या घरचे डबे दुकानात यायचे त्या त्या घरी जाणार होती. मी तिच्या मागून निघालो.

पहिल्या दारात एक म्हाताऱ्या आजी आल्या. आईने हात जोडले. "माताजी, मेरे हाथ से आपका उपास मोडा. मेरे लड़के ने बताया था, मेरे ध्यान में नहीं रहा. माफ़ी करो." ते वाक्य तिने रात्री पाठ केलं असावं. आजी म्हणाल्या, "माता सब देखती है," आणि आत गेल्या. दुसऱ्या दारात बाई म्हणाल्या, "कोई बात नहीं, भाभीजी," आणि बोलता बोलता जाळीचं दार ओढून घेतलं. तिसऱ्या घरात आतून मुलींचा गलका ऐकू येत होता, बाहेर कुणी आलंच नाही. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मग आईने कडी पुन्हा वाजवली आणि दार उघडायला आलेल्या कामवालीजवळ तेच वाक्य बोलली, तसंच, हात जोडून. प्रत्येक दारात ते वाक्य येणार हे मला आता माहीत होतं. 'मेरे लड़के ने बताया था' इथे ती पोचायच्या आधी, प्रत्येक वेळी, श्वास घ्यायला जरा थांबायची. तेवढ्यात बोलता आलं असतं. मी तिच्या शेजारी उभा राहून तो थांबा जाऊ द्यायचो.

भाटियांचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. व्हरांड्यात मुलींच्या चपलांचा ढीग. आंटी दारात आल्या, हाताला कुंकू, चेहरा जागरणाने सुजलेला. आईने वाक्य म्हटलं. त्यापुढे तिने स्वतःच्या मनाचं जोडलं, "मैं आपके मालिक के लिए रोज़ बोलती देवी को."

आंटींनी हाताचं कुंकू पदराला पुसलं. मग सावकाश म्हणाल्या, "मैं मंदिर गई थी. पंडित जी कहते हैं, अनजाने में हुआ हो तो दोष नहीं लगता. मुझे नहीं लगेगा, इनको भी नहीं लगेगा. आप चिंता मत करो." आईचा चेहरा उजळला. तिने पुन्हा हात जोडले. आंटी पुढे म्हणाल्या, त्यात दुष्टपणा नव्हता, त्या फक्त हिशोब नीट लावत होत्या, "पर आपको तो लड़के ने बता दिया था, बहनजी."

आई माझ्याकडे वळली नाही. ती म्हणाली, "हां जी. मेरे को बताया था."

मग आंटी आत जाऊन शिऱ्याचा द्रोण घेऊन आल्या आणि तो त्यांनी माझ्या हातात दिला. "तू ले, मिलन. तेरा क्या क़सूर." माझ्या केसांवरून हात फिरवला. मी त्यांच्या पाया पडलो, तिकडच्या पद्धतीने, गुडघ्यांना हात लावून.

आम्ही परत निघालो. ऊन वर आलं होतं, घरोघर घंटा वाजत होत्या. आई जरा पुढे चालत होती. इतक्या दिवसांच्या उपासाने तिच्या अंगातला जोर गेला होता, पाय ओढत होते. वळणावर ती थांबली, माझ्या हातातल्या द्रोणाकडे बघितलं आणि म्हणाली, "सकाळपासून उपाशी हिंडतोयस माझ्याबरोबर. गार होतोय तो. खा."

"घरी जाऊन खातो," मी म्हणालो.

"खा रे. स्वतःवर कशाला राग काढतोस माझ्या चुकीचा."

मी खाल्ला. तुपाचा, चांगला झाला होता. चालता चालता, तिच्या मागे, बोटाने द्रोण पुसून संपवला.